नेरीसबाईंचा वेल्सचा आठवडा

नेरीसबाईंनी डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली आणि वल्लरी मैदानाच्या कडेनं पळत सुटली.

“लांबून, वॅल, लांबून! मेंढ्यांच्या अंगावर जाऊ नकोस, बिचकतील!”

मेंढ्या म्हणजे तिसरीच्या वर्गातली पोरं. कुत्रा म्हणजे वल्लरी. खडूनं आखलेल्या चौकोनात सगळा कळप आणून घालायचा होता आणि कळप काही केल्या ऐकत नव्हता. एक मेंढी बुटाची नाडी बांधत बसली होती, दोघी घसरगुंडीखाली शिरल्या होत्या, आणि कौशिक नावाची मेंढी बें बें करायचं सोडून सिंहासारख्या डरकाळ्या फोडत होती. फेब्रुवारी संपत आला होता. ऊन अजून सोसण्यासारखं होतं, तरी वल्लरीचा कुडता पाठीला चिकटला. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या कुणीतरी गाडी हळू करून हा प्रकार बघितला. बी.एड.ला पहिली आलेली, पुण्यात नावाजलेल्या शाळेत गणित शिकवलेली बाई मी, आणि मस्कतला येऊन कुत्रं झाले, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी नेरीसबाईंची दुसरी शिट्टी आली. ती उजवीकडे वळली.

मस्कतच्या अझैबा भागातल्या या ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत वल्लरी मदतनीस शिक्षिका होती. नवऱ्याला, उल्हासला, कुरुमच्या एका विमा कंपनीत नोकरी लागली म्हणून ती इकडे आली. पुण्याची पदवी इथं पूर्ण शिक्षिका व्हायला पुरत नव्हती. म्हणून वर्ग नेरीसबाईंचा आणि वल्लरी त्यांच्या हाताखाली. बाई साठीला टेकलेल्या, बुटक्या, रुंद, आखूड कापलेल्या पांढऱ्या केसांच्या. आवाज असा की तिसरीच्या वर्गात बोलल्या तर सहावीतली पोरं गप्प बसायची. मूळच्या वेल्सच्या. त्यांना कुणी इंग्लिश म्हटलं की त्या ताडकन म्हणत, “मी इंग्लिश नाही. तुला कुणी पाकिस्तानी म्हटलं तर चालेल का, वॅल?”

त्या दरवर्षी वेल्सचा आठवडा करायच्या, रविवार ते गुरुवार, कारण इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारी. एक मार्चला त्यांच्या संत डेव्हिडचा दिवस, त्याच्या आजूबाजूला वेल्सचं खाणं, वेल्सची शेती, मेंढ्या, डोंगर असं सगळं मुलांना शिकवायच्या. यंदा मात्र कुरुमच्या किनाऱ्यावर फिरताना खडकावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. तेव्हा धावायचं, कापायचं, कालवायचं, चिकटवायचं ते सगळं वल्लरीनं, आणि बाईंनी नुसत्या सूचना द्यायच्या.

“मला एक सांग,” त्या रविवारी संध्याकाळी वल्लरी उल्हासला म्हणाली, “आमच्या वर्गात ओमानी मुलं आहेत, आपली आहेत, इजिप्तची आहेत, दोन श्रीलंकेची. वेल्सचं एकही नाही. यांना वेल्सच्या मेंढ्या कशाला?”

“बाईंना घरची आठवण येत असेल,” उल्हास म्हणाला.

“मग मलाही येते. मी घालते का वर्गात भोंडला?”

“घाल की. तुला कोण नको म्हणतंय?”

कुणी नको म्हटलं नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी केक होते. वेल्सचे केक म्हणजे भट्टीत फुगवलेले नव्हेत, तापल्या लोखंडावर भाजलेले. बाईंकडे त्यांच्या घरचं जाड लोखंडी पात्र होतं, पण ते एका हातानं उचलवेना. वल्लरीनं आपला बिडाचा तवा नेला. बाईंनी तो उलटापालटा करून पाहिला, नखानं वाजवला.

“हा कुठला?”

“आईनं दिलेला. भाकरीचा.”

“छान तापतो का सगळीकडे सारखा?”

“कडेला थोडा कमी.”

“आमचाही,” बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या.

मैदा, लोणी, साखर, मनुका, अंडं आणि वर किसलेलं जायफळ. पोरांनी पीठ नाकाला लावून घेतलं, वाटीनं गोल चकत्या पाडल्या. वल्लरी तव्यावर टाकत गेली, उलटत गेली. बाई मागून “मंद आच, मंद आच!” करत राहिल्या. लोण्याचा आणि जायफळाचा वास सुटला तसे शेजारच्या वर्गातले शिक्षक काहीतरी निमित्त काढून डोकावायला लागले. उरलेले चार वल्लरी घरी घेऊन गेली. उल्हासनं एक तोंडात टाकला आणि म्हणाला, “अगं, ही तर दशमीच. जरा शहाणी झालेली.”

भांडण झालं ते मंगळवारी. मंगळवारी ‘काउल’ करायचं होतं. वेल्सच्या शेतकऱ्याघरचं रोजचं जेवण ते. मटण, बटाटे, गाजर आणि लीक एका मोठ्या पातेल्यात घालून तासन्‌तास शिजवलेलं पातळ कालवण. नाव ऐकल्यावर रत्नागिरीचा उल्हास आदल्या रात्री बराच वेळ हसला होता. “कौल? देवाला लावतात तो? मग लाव, लाव! बाईंचा हात कधी बरा होणार ते विचार.” सकाळी शाळेत जाण्याआधी दोघं अल मवालेहच्या भाजीबाजारात गेली आणि लीकच्या जुड्या घेऊन आली. पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ असावा तसली ती भाजी, मनगटाएवढी जाड.

शाळेत पोचल्यावर वल्लरी बाईंना म्हणाली, “दोन पातेली करू या. एक बिनमटणाचं. कौशिक खात नाही, अजून तिघं खात नाहीत. मीही खात नाही.”

“बिनमटणाचं काउल म्हणजे भाजी धुतलेलं पाणी,” बाई म्हणाल्या. “ज्यांना नको त्यांनी ब्रेड खावा.”

“आठवडाभर तुम्ही मुलांना सांगताय, घरात सगळे एका पातेल्यातलं जेवायचे. आणि इथं चार मुलांना बाजूला बसवून ब्रेड?”

बोलून गेल्यावर तिची तिलाच भीती वाटली. दोन वर्षांत ती बाईंना कधी उलटून बोलली नव्हती. बाईंनी प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवला.

“कर,” त्या म्हणाल्या. “दुसरं पातेलं तुझं.”

वल्लरीनं लीक लोण्यावर परतून घेतली, घरून वाल भिजवून आणले होते ते घातले, मिरी जरा सढळ हातानं. शेवटी कोथिंबीर घालायचा मोह मात्र तिनं आवरला. पोरं वेल्सच्या सणाची खूण म्हणून डोक्याला कागदी लीक लावून रांगेत बसली, वाडगे पुढे करून. अन् गंमत अशी झाली की मटण खाणारी पोरंही दुसऱ्या पातेल्याकडे वळली. बाईंनी दुरून पाहिलं. मग आपला वाडगा वल्लरीपुढे धरला, दोन घोट घेतले आणि ओठ पुसले.

“माझी आजी असंच करायची,” म्हणाल्या. “मटण घरात नसायचं तेव्हा. म्हणजे बहुतेक वेळा नसायचंच. मटणाचं आम्ही लोकांना सांगतो.”

त्या दिवसापासून दोघींमधलं काहीतरी सैल झालं.

बुधवारी बाई वर्गात खुर्चीवर बसून शेतीबद्दल बोलल्या, आणि तेव्हा वल्लरीला कळलं की बाईंना शिट्टीशिवायही मुलांना जागेवर धरता येतं. वेल्सच्या डोंगरी शेतकऱ्याची जुन्या काळी दोन घरं असत, असं त्यांनी सांगितलं. एक खाली दरीत, हिवाळ्याचं. एक वर डोंगरावर, उन्हाळ्याचं. उन्हं वाढली की माणसं, मेंढ्या, गाई, कोंबड्या, ताक घुसळायची भांडीसुद्धा घेऊन सगळं घर वर चढायचं.

“मेंढ्यांना बस असायची?” कौशिकनं विचारलं.

“मेंढ्यांना पाय असायचे.”

खुदेजानं हात वर केला. ती मूळची बरका गावची, शांत, मोठ्या डोळ्यांची मुलगी. “माझे आजोबा पण जायचे. उन्हाळ्यात. समुद्राजवळचं घर सोडून खजुराच्या बागेत. उंटावरून. सगळे जायचे.”

“बघा!” बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की खुदेजा दचकली. “बघा, खुदेजाच्या आजोबांचीसुद्धा दोन घरं!”

वल्लरी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होती. तिला आठवलं, लहानपणी कात्रजच्या रस्त्यावर मेंढ्यांचा मोठा कळप यायचा, फेटेवाले धनगर, घोड्यावर लादलेला संसार, त्यावर बांधलेलं एखादं पोर. आई तिला फुटपाथवर ओढून घ्यायची, “कपडे खराब होतील” म्हणायची. ते कुठून येतात, कुठे जातात, हे तिनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आता विचारावं तर कुणाला, असं तिला वाटून गेलं.

गुरुवारी सहल होती, खुदेजाच्या आजोबांच्या वाडीवर, बरक्याला. वेल्सला काही नेता येत नव्हतं, मग निदान जिवंत जनावर, चारा, शेण, हे तरी मुलांनी बघावं, असा बाईंचा हट्ट. तासाभरात बस पोचली. खजुराची झाडं, खाली जनावरांसाठी लसूणघासाचे हिरवे वाफे, पाण्याचा पाट, आणि कडेला मोठ्या बोरीच्या झाडाखाली शेळ्यांचा गोठा. खुदेजाच्या आईनं चटया अंथरल्या होत्या, खजूर आणि ताकाचे पेले मांडले होते. पण आजोबा, हसन, स्वतः समोर आले नाहीत. ते गोठ्यात होते.

“आजोबांची एक शेळी आजारी आहे,” खुदेजा आतून पळत येऊन म्हणाली.

नेरीसबाई तरातरा गोठ्याकडे निघाल्या. मुलं चटयांवर खजुरात गुंतली होती, म्हणून वल्लरीही मागोमाग गेली. आत एक तांबडी शेळी कुशीवर पडली होती, मान ताणून कण्हत होती. हसन तिच्यापाशी उकिडवे बसले होते. सत्तरीचा उंच माणूस, पांढरी दाढी, पायघोळ दिशदाशा अंगरख्याच्या बाह्या वर सारलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तरुणपणी मुंबईच्या बंदरात ये-जा केलेली, त्यामुळे हिंदी यायची.

“सुबह से है, मॅडम,” ते वल्लरीला म्हणाले. “बच्चे का मुंह दिखता है, एक पाँव दिखता है. दूसरा पाँव अंदर रह गया.” मग त्यांनी आपले हात पुढे केले. सांधे सुजलेले, बोटं वाकडी झालेली. “मेरा हाथ अभी नहीं जाता. ये काम वजीरा करती है. मेरी औरत. वो बहन के पास सूर शहर गई है.”

अडली, हा शब्द वल्लरीच्या मनात आपोआप आला. बाळंतपणात बाई अडली म्हणतात तसा. तिनं बाईंना इंग्रजीत सांगितलं.

नेरीसबाई गुडघ्यांवर बसल्या, शेळीच्या पोटावर डावा हात ठेवला, डोळे मिटले. वल्लरीनं त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. सगळा आरडाओरडा उतरला होता त्यावरचा.

“डॉक्टर?”

“फोन किया. दोपहर के बाद आएगा, इन्शाल्ला.”

“दुपारपर्यंत ही टिकणार नाही,” बाई म्हणाल्या. मग आपल्या प्लॅस्टरकडे त्यांनी असं पाहिलं की जणू ते फोडूनच काढतील. “वॅल. तुझे हात दाखव.”

“माझे?”

“दाखव.”

वल्लरीनं हात पुढे केले. लहानसर, लांब बोटांचे.

“बांगड्या काढ. घड्याळ काढ. कोपरापर्यंत साबणानं धू. आणि याला सांग, तेल पाहिजे. खायचं चालेल.”

“नेरीस, मी नाही. मला… मी कुत्र्यालाही हात लावत नाही. मला काहीच माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुला फक्त हात द्यायचाय. डोकं माझं.”

शेळीनं कळ दिली. ते ओरडणं माणसासारखं होतं. वल्लरीला आपल्या लेकीचा, रेवाचा जन्म आठवला, ससूनजवळच्या त्या दवाखान्यातली हिरवी भिंत, हात धरून बसलेली ती अनोळखी नर्स. तिनं बांगड्या काढल्या.

पाटाच्या पाण्यात हात धुतले. हसननं तिच्या हातावर तेल ओतलं आणि शेळीचं डोकं मांडीवर घेऊन कानात काहीतरी पुटपुटायला लागले. गोठ्याच्या दारात पोरं केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलंच नाही. खुदेजाच्या आईनं त्यांना मागे सारायचा प्रयत्न केला, पण नेरीसबाई मान न वळवता म्हणाल्या, “राहू देत. पण आवाज नको. मेंढ्यांसारखं नाही, माशांसारखं.” अन् खरोखर, एक हूं की चूं नाही.

“बोटं एकत्र कर, चोचीसारखी. कळ नसेल तेव्हाच आत जायचं. कळ आली की थांबायचं, ढकलायचं नाही. आता जा.”

वल्लरी गेली. आत खूप ऊन होतं आणि खूप घट्ट. तिनं डोळे मिटले.

“काय लागतंय?”

“डोकं. ओलं. दात लागले बहुतेक.”

“मऊ हातानं डोकं मागे सार. हळू. घाबरू नकोस, तिला माहीत आहे तू काय करतेयस. मग मानेवरून खाली, खांद्यापर्यंत जा. खांद्यापासून पाय शोध.”

कळ आली. शेळीनं तिचा हात असा आवळला की मनगटाची हाडं मोडतील असं वाटलं. ती थांबली. घाम डोळ्यांत उतरत होता. कुणीतरी, बहुतेक हसननंच, आपल्या डोक्याच्या मुसर रुमालाच्या टोकानं तिचं कपाळ टिपलं.

“मिळाला! गुडघा मिळाला. मागे दुमडलाय.”

“शाब्बास. आता खुरापर्यंत जा. खूर तळहातात झाकून घे, वाटीत घेतल्यासारखा. तो उघडा राहिला तर आतून फाडेल. झाकलास? आता पुढे आण. घाई नको.”

“येत नाहीये, नेरीस.”

“येईल. आपल्याला कुठे जायचंय?”

आणि आला. कोपरा वळावा तसा तो लहानसा पाय वळला आणि पुढे सरकला. “आला! आ गया, बाबा, आ गया!” वल्लरी एकाच वेळी दोन भाषांत ओरडली आणि तिसरीत रडायला लागली. हसन म्हणाले, “यल्ला, यल्ला, बेटी!” पुढच्या कळेला बाईंनी तिला दोन्ही पाय धरून खालच्या अंगाला ओढायला सांगितलं, आणि एकदम, पाण्याचा लोट यावा तसं, ते सगळंच्या सगळं तिच्या मांडीवर आलं. ओलं, पिवळट, काळ्या ठिपक्यांचं.

हलत नव्हतं.

दारातल्या पोरांपैकी कुणीतरी हुंदका दिला. नेरीसबाई पुढे झाल्या, डाव्या हाताच्या बोटांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, खालची एक काडी उचलून नाकपुडीत फिरवली. “चोळ त्याला! गवतानं. जोरात चोळ, लाजू नकोस!” वल्लरीनं मूठभर गवत घेतलं आणि त्या इवल्या बरगड्या चोळायला लागली. चोळत राहिली. तोंडानं काय म्हणत होती ते तिलाही कळत नव्हतं. नंतर कौशिकनं सांगितलं, “मिस मराठीत म्हणत होत्या, ऊठ रे, ऊठ रे राजा.”

करडू शिंकलं.

मग डोकं झटकलं, पुन्हा शिंकलं आणि बारीक, चिडका आवाज काढला. गोठ्याचं दार पोरांच्या आरड्यानं हादरलं. माशांसारखं राहायचं ते सगळी विसरली. बाईंनीही त्यांना दटावलं नाही. थोड्या वेळानं दुसरं करडू आलं ते असं सहज, की कुणाची मदत लागलीच नाही. तांबडी शेळी उठून उभी राहिली आणि दोघांना चाटायला लागली. बाईंनी बसमधल्या प्रथमोपचाराच्या पेटीतून आयोडीन आणवून नाळेला लावलं. हसननं वल्लरीचे हात आपल्या वाकड्या हातांत घेतले, रक्तासकट, आणि नुसते धरून ठेवले.

परतीच्या बसमध्ये पोरं आधी खूप बोलली आणि मग एकेक करून झोपली. वल्लरीनं खुदेजाच्या आईचा अंगरखा घातला होता. तिचे कपडे पिशवीत होते. नेरीसबाई तिच्या शेजारी खिडकीशी बसल्या होत्या. 

“आमच्याकडे हे काम माझं होतं,” मग त्या म्हणाल्या. “मी या पोरांएवढी असल्यापासून. घरात माझे हात सगळ्यांत लहान. मेंढ्या व्यायच्या दिवसांत वडील मला शाळा बुडवू द्यायचे. पहाटे उठवायचे, कंदील धरायचे, आणि मी आत हात घालायची. बाहेर बर्फ असायचा. आज तू जिथं होतीस ना, वॅल, त्याच्याइतकी उबेची जागा मला जगात माहीत नाही.”

“मग तुम्ही शेती सोडलीत कशी?”

“सोडली नाही. शेत भावाला मिळालं. मुलीला कोण देतं? मी शिकायला गेले, मग शिकवायला, मग दुबई, मग इथं.” त्या बाहेर बघत राहिल्या. “वडील वारले तेव्हा मी गेले होते. मेंढ्या सगळ्या विकलेल्या. गोठ्याला काचेची दारं बसवलीत, सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं देतात. भाऊ वाईट नाही. परवडत नव्हतं त्याला. पण मी दरवर्षी या मुलांना ज्या शेताबद्दल सांगते, ते आता नाहीये. मी सांगते तेवढंच उरलंय.”

वल्लरीला रविवारचं आपलं बोलणं आठवलं, यांना वेल्सच्या मेंढ्या कशाला, आणि तिचे कान गरम झाले. तिनं बाईंचा प्लॅस्टरचा हात आपल्या मांडीवर घेतला, त्यांना बस उसळली की दुखतं हे तिला माहीत होतं, आणि अझैब्यापर्यंत तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर रेवानं आईला त्या लांब झुळझुळीत अंगरख्यात पाहिलं आणि हसत सुटली. रेवा आठ वर्षांची, भारतीय शाळेत जायची, दिवसभर इंग्रजीत बोलायची. वल्लरीनं तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, मराठीत, रंगवून. शेळी कशी अडली, पाय कसा दुमडला होता, करडू कसं शिंकलं.

“आई, करडू म्हणजे?”

“करडू म्हणजे शेळीचं बाळ.”

“ओ, किड! आणि शीपचं?”

“कोकरू.”

“तू आधी कधी सांगितलं नाही.”

खरंच सांगितलं नव्हतं. या आठवड्यात खुदेजाकडून आणि कौशिककडून कोकराला वेल्श भाषेत काय म्हणतात तेही तिनं पाठ करून घेतलं होतं. ती उल्हासकडे वळली. “पुढच्या शुक्रवारी बरक्याला जाऊ या. हसनबाबांनी बोलावलंयच. आणि नेरीसबाईंनाही घेऊ.”

शाळेत रविवारी थोडी कुरबुर झाली. एका आईनं मुख्याध्यापकांना फोन केला होता की मुलगा जेवताना भलते प्रश्न विचारतोय. मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. नेरीसबाई बाह्या सरसावूनच निघाल्या होत्या, पण बोलली वल्लरी. “सर, ती मुलं तासभर उभी होती आणि एकानंही आवाज केला नाही. तुम्ही असेंब्लीत पाच मिनिटं करून दाखवा.” मुख्याध्यापक हसले आणि विषय खलास झाला. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “एप्रिलमध्ये एक आठवडा मोकळा आहे. तो तू घे. तुझ्याकडचं जे असेल ते.”

“मला माझ्याकडचं फारसं माहीत नाही, नेरीस. शहरात वाढले मी. मेंढ्या रस्त्यावरून जाताना पाहिल्यात तेवढ्याच.”

“मग शोध. मीही ऐकेन मागे उभी राहून.”

पुढच्या शुक्रवारी ते सगळे बरक्याला गेले. वजीरा सूरहून आली होती. ठेंगणी, चटपटीत म्हातारी, डोक्यावर ओढणीसारखा रंगीत लेसो. तिनं वल्लरीला बघितल्याबरोबर तिचा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं मोजल्यासारखी दाबून पाहिली आणि नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलली. हसन हसून हसून बेजार झाले.

“क्या बोलीं?” वल्लरीनं विचारलं.

“बोलती है, अब मैं रोज बहन के घर जा सकती हूँ.”

उल्हास आणि हसन मुंबईच्या बंदराबद्दल बोलत बसले. नेरीसबाई गोठ्यात गेल्या त्या बाहेर यायचं नाव घेईनात. वजीरा आणि त्या, एकीला दुसरीची भाषा येत नसताना, एकेका शेळीचा जबडा उघडून दात बघत होत्या आणि मोठमोठ्यानं वाद घालत होत्या. रेवा बोरीच्या सावलीत फतकल मारून बसली होती. ठिपक्याचं करडू तिच्याभोवती चारी पायांवर उड्या मारत आलं, थबकलं, आणि तिच्या फ्रॉकची कड तोंडात धरून चघळायला लागलं.

“आई!” रेवा ओरडली. “आई, बघ, हा माझा फ्रॉक खातोय!”

“हा नाही गं. ते. ते खातंय.”

“ते खातंय,” रेवा म्हणाली, पण फ्रॉक काही सोडवून घेतला नाही.

गोठ्याच्या दारातून नेरीसबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांच्या केसांत गवत अडकलं होतं. “काय म्हणतेय ती?”

वल्लरीनं सांगितलं. बाईंनी ते तोंडात घोळवून पाहिलं, “ते खाटंय,” आणि रेवा खो खो हसली. “खाटंय नाही, खातंय!” मग बाईंना बरोबर म्हणता येईपर्यंत तिनं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. आतून वजीरा हाका मारत होती.